नरगुंदचे केतकर आणि नेपच्यूनपलीकडचा ग्रह

गणपतीच्या बारा नावांत धूम्रकेतू हे एक नाव आहे. श्लोक म्हणताना ते जिभेवरून सहज निघून जाते. पण आकाशातला धूमकेतू म्हटला की आपल्या पणजी-आजीच्या पिढीला धाकच वाटे. शेंडेनक्षत्र उगवले की राजाचे काही खरे नाही, नाहीतर दुष्काळ किंवा पटकी ठरलेली, अशी समजूत घरोघरी होती. १९१० साली हॅलेचा धूमकेतू आला तेव्हा पृथ्वी त्याच्या शेपटातून जाणार आणि विषारी वायूने माणसे मरणार, अशा बातम्यांनी युरोप-अमेरिकेतली शिकलेली माणसेसुद्धा घाबरली होती. मे महिन्यात धूमकेतू येऊन गेला. कोणाला काहीही झाले नाही.

त्या काळात आपल्याच भागात, मुंबई इलाख्याच्या दक्षिण टोकाला, आकाशातल्या गोलांचे हिशेब कागदावर मांडत बसलेला एक मराठी शिक्षक होता. धूमकेतूच्या वर्षानंतरच्याच वर्षी, म्हणजे १९११ मध्ये, त्यांचा एक लेख पॅरिसच्या नियतकालिकात छापून आला. नेपच्यूनच्या पलीकडे आणखी ग्रह असावेत आणि ते अमुक अंतरावर असावेत, असे गणित त्यात होते. या शिक्षकाचे नाव व्यंकटेश बापूजी केतकर. पंचांगकर्त्यांच्या जगात त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. हुबळी-धारवाडच्या आपल्या मराठी घरांत मात्र ते आता फारसे कोणाला ठाऊक नाही. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत त्यांच्या चरित्राची ओळख करून द्यावी, असे आम्ही ठरवले.

केतकरांचा जन्म १८ जानेवारी १८५४ रोजी नरगुंद येथे झाला. हुबळीहून नवलगुंदच्या रस्त्याने निघाले की पन्नासेक किलोमीटरवर नरगुंद लागते. काळ्या मातीच्या सपाट रानात एकदम उभी राहिलेली ती टेकडी आणि तिच्यावरचा किल्ला आपल्यापैकी अनेकांनी विजापूरला जाताना एसटीच्या खिडकीतून पाहिला असेल. आज नरगुंद गदग जिल्ह्यात मोडते. १९९७ पर्यंत ते धारवाड जिल्ह्यातच होते. केतकर जन्मले तेव्हा तिथे भावे घराण्याचे छोटे संस्थान होते. कोकणातून आलेली ही घराणी पेशवाईच्या काळापासून मलप्रभेच्या आसपास स्थिरावली होती, आणि त्यांच्याबरोबर शास्त्री, कारकून, वैद्य, ज्योतिषी अशी अनेक मराठी कुटुंबे या मुलखात आली. आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज याच वाटेने आले.

केतकर साडेचार वर्षांचेही झाले नव्हते तेव्हा १८५८ चे बंड झाले. नरगुंदचे संस्थानिक भास्करराव उर्फ बाबासाहेब भावे यांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. पोलिटिकल एजंट मॅन्सन मारला गेला, नरगुंद पडले आणि बाबासाहेबांना बेळगावात फाशी देण्यात आली. संस्थान खालसा झाले. ज्या दरबारांच्या आधाराने शास्त्र-पंडितांची घरे चालत होती, तो आधार या भागात त्यानंतर विरत गेला. पुढच्या पिढीच्या हुशार मुलांना इंग्रजी शाळा आणि सरकारी नोकरी हीच वाट उरली.

व्यंकटेशांचे वडील बापूशास्त्री हे ज्योतिषाचे जाणकार होते. मुलाचे पहिले धडे घरीच झाले. ग्रहलाघव हा त्या काळी महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात पंचांगासाठी वापरला जाणारा मुख्य ग्रंथ. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी तो शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली रचला. त्यावरून सूर्य-चंद्राची स्थिती काढायची, तिथी-नक्षत्र मांडायचे आणि ग्रहणे वर्तवायची, ही कामे घरच्या विद्येतली. इंग्रजी शाळेत त्यांना दुसरे गणित भेटले. लॉगॅरिथमची कोष्टके, त्रिकोणमिती, न्यूटनचे गुरुत्वाकर्षण आणि युरोपातल्या वेधशाळांनी शतकभर घेतलेल्या वेधांवरून बसवलेली ग्रहांची कोष्टके हे सगळे त्यात आले. या दोन्ही विद्या एकाच माणसात मुरल्या, आणि केतकरांचे पुढचे सगळे काम त्यातून निघाले.

विशीतच ते सरकारी शाळाखात्यात शिक्षक झाले आणि पुढे बागलकोटच्या इंग्रजी शाळेचे मुख्याध्यापक झाले. बागलकोट तेव्हाच्या कलादगी, म्हणजे पुढच्या विजापूर जिल्ह्यातले घटप्रभेकाठचे गाव. आज त्या जुन्या गावाचा मोठा भाग आलमट्टी धरणाच्या पाण्याखाली गेला आहे. तिथे वेधशाळा नव्हती, मोठी दुर्बीण नव्हती, जवळपास विद्यापीठही नव्हते. शाळा सुटल्यावर पाटी-पेन्सिल किंवा दौत-टाक आणि कोष्टकांची पुस्तके एवढ्याच सामग्रीवर जे करता येईल ते करायचे होते. मुंबई-पुण्याच्या विद्वानांत उठबस नसलेल्या माणसाने दूरच्या गावी राहून एवढे काम उभे करणे, ही गोष्ट आपण परमुलखात वाढलेल्या मराठी माणसांना वेगळी समजावून सांगायला नको.

त्या वेळचा सर्वांत ज्वलंत प्रश्न पंचांगाचा होता. ग्रहलाघव रचून साडेतीनशेहून अधिक वर्षे झाली होती. घड्याळ रोज एक सेकंद मागे पडत असेल तर आठवडाभरात कळत नाही, पण काही वर्षांनी गाडी चुकते. ग्रहलाघवाचे तसेच झाले होते. ग्रहणाची वेळ पंचांगात एक आणि आकाशात दुसरी, गुरू-शुक्राचे अस्त-उदय पंचांगात एका दिवशी आणि डोळ्यांना दुसऱ्या दिवशी, असे होऊ लागले. तिथीचेही तेच होते. चंद्र सूर्याच्या पुढे बारा अंश गेला की एक तिथी संपते. हे अंतर ३६ अंशांचे होते तेव्हा चतुर्थी लागते आणि ४८ अंशांचे झाले की सरते. चंद्राची चाल सारखी नसते, त्यामुळे तिथी लहान-मोठी होते. जुन्या गणिताप्रमाणे ती फार तर ६५ घटका आणि कमीत कमी ५४ घटका भरे. प्रत्यक्ष आकाशात मात्र ती सुमारे ५० पासून ६७ घटकांपर्यंत जाते. एक घटका म्हणजे २४ मिनिटे, तेव्हा फरक काही तासांचा पडू शकतो. गणेश चतुर्थीला मध्यान्ही चतुर्थी असावी असा नियम आहे. काही तासांच्या फरकाने मूर्ती बसवण्याचा दिवसच बदलू शकतो, हे लक्षात घेतले म्हणजे वाद किती घरापर्यंत पोहोचणारा होता ते कळेल.

या सुधारणेची सुरुवात केरो लक्ष्मण छत्रे यांनी केली होती. त्यांनी १८६० मध्ये युरोपीय आधारावर ग्रहसाधनाची कोष्टके मराठीत आणली आणि १८६५ पासून पटवर्धनी पंचांग निघू लागले. केतकरांनी हे काम पुढे नेले. मराठी कोष्टके शिकलेल्यांच्या उपयोगी होती, पण गावोगावचे पंचांगकर्ते संस्कृत श्लोकांवरून गणित करीत. त्यांच्या हाती नवी अचूकता द्यायची तर ती त्यांच्याच भाषेत आणि त्यांच्याच रीतीने द्यायला हवी, हे केतकरांनी ओळखले. ज्योतिर्गणितम् हा त्यांचा संस्कृत ग्रंथ १८९० नंतरच्या दशकात तयार होऊन बाहेर पडला. अर्वाचीन वेधांशी जुळणारी ग्रहस्थिती त्यावरून काढता येई आणि मांडणी मात्र शास्त्री मंडळींना परिचयाची होती. पुढे त्यांनी ग्रहलाघवाची जागा घेऊ शकेल असा आटोपशीर ग्रंथ रचला. त्याचे नाव केतकी. नावात आडनाव गुंफलेले आहेच, शिवाय केतकी म्हणजे केवडा, गणपतीच्या पत्रीत हमखास असणारा. वैजयंती हा तिथी-नक्षत्रासाठीचा त्यांचा आणखी एक ग्रंथ. चिरंजीव दत्तराज यांनीही वडिलांचे हे काम पुढे चालवले. केतकीवरून गणित करणारे पंचांगकर्ते महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तयार झाले.

शंकर बाळकृष्ण दीक्षित हे केतकरांहून अवघ्या काही महिन्यांनी मोठे आणि पेशाने तेही शिक्षकच. त्यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्रचंड इतिहास १८९६ मध्ये छापला गेला. आर्यभट-भास्कराचार्यांपासून सुरू होणाऱ्या त्या परंपरेत दीक्षितांनी आपल्या समकालीन केतकरांनाही स्थान दिले. तेव्हा केतकर चाळिशीत होते आणि त्यांचे परदेशी गाजलेले काम अजून व्हायचे होते.

पंचांगाचा दुसरा वाद यापेक्षाही अवघड होता. राशिचक्र मोजायला सुरुवात कुठून करायची? एका पक्षाने रेवती नक्षत्रातला एक मंद तारा आरंभाचा धरला. लोकमान्य टिळक या पक्षाचे होते. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की ठळक चित्रा ताऱ्याच्या बरोबर समोरचा, १८० अंशांवरचा बिंदू हाच आरंभ धरावा. केतकर चित्रा पक्षाचे आग्रही पुरस्कर्ते झाले. दोन आरंभांत सुमारे चार अंशांचे अंतर पडते. सूर्य रोज साधारण एक अंश चालतो, म्हणून टिळक पंचांगात मकर संक्रांत १० जानेवारीला येते आणि इतर पंचांगांत १४-१५ जानेवारीला. सूर्याच्या संक्रांतीवरून अधिक महिना ठरतो, त्यामुळे एखाद्या वर्षी अधिक महिनाही वेगळा पडतो आणि टिळक पंचांग पाळणाऱ्या घरी गणपती महिनाभर आधी बसतात. कोकणात नातेवाईक असलेल्यांनी हा प्रकार पाहिलेला असतो.

मुंबई, पुणे, सांगली अशा ठिकाणी पंचांग संमेलने भरली, वर्तमानपत्रांतून लढाया झाल्या. समोर लोकमान्यांसारखा माणूस असताना विजापूर जिल्ह्यातल्या एका शिक्षकाने आपली बाजू सोडली नाही. वाद त्यांच्या हयातीत मिटला नाही. स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये, केंद्र सरकारने मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. तिने जे अयनांश स्वीकारले ते चित्रा पक्षाला धरून आहेत. आज आपल्या भिंतीवरची बहुतेक मराठी आणि कन्नड दिनदर्शिका त्याच मापाने चालतात. आपल्या शेजारच्या कन्नड घरातली चौती आणि आपली गणेश चतुर्थी एकाच दिवशी येते, याचे थोडे श्रेय या वादात ठाम उभ्या राहिलेल्या माणसांना जाते.

आता त्या पॅरिसच्या लेखाकडे वळू. त्यासाठी धूमकेतूंची गोष्ट थोडी मागून सांगावी लागेल.

धूमकेतू कुठूनही येतात आणि कुठेही जातात, असे फार काळ वाटत होते. एडमंड हॅले यांनी १७०५ मध्ये दाखवून दिले, की १५३१, १६०७ आणि १६८२ या सालांचे धूमकेतू एकाच वाटेने आले होते. म्हणजे तो एकच धूमकेतू होता आणि १७५८ च्या सुमारास तो परत यायला हवा होता. फ्रान्समध्ये क्लेरो, लालांद आणि लपोत नावाच्या विदुषी यांनी महिनोन्‌महिने बसून हिशेब केला. गुरू आणि शनी यांच्या ओढीमुळे धूमकेतूला सुमारे ६१८ दिवस उशीर होईल आणि तो एप्रिल १७५९ च्या मध्याला सूर्याजवळ पोहोचेल, असे उत्तर आले. तो १३ मार्चला पोहोचला. पंचाहत्तर वर्षांच्या प्रवासात चूक फक्त महिनाभराची होती. ग्रहांची ओढ मोजता आली तर न दिसणारी वाटही कागदावर काढता येते, याचा तो पुरावा होता.

धूमकेतूची वाट लांबट असते. पृथ्वी-सूर्य अंतराला, म्हणजे सुमारे १५ कोटी किलोमीटरला, एक एकक म्हणू. हॅलेचा धूमकेतू सूर्यापासून ०.५९ एककापर्यंत जवळ येतो आणि दूर जाताना ३५ एककांवर, नेपच्यूनच्या ३० एककांच्याही पलीकडे जातो. सूर्याजवळ त्याचा वेग सेकंदाला ५४ किलोमीटर असतो आणि टोकाला एक किलोमीटरहूनही कमी. त्यामुळे ७६ वर्षांतला बहुतेक काळ तो अंधारातच रेंगाळतो. तेजाचेही असेच आहे. दूर असताना तो केवळ बर्फाचा काळपट गोळा, सूर्याचा थोडासा प्रकाश परतवणारा. जवळ येऊ लागला की बर्फाची वाफ होते, धूळ उडते, त्याचा विस्तार वाढतो आणि तेज भराभर चढते. १९१० मध्ये लोकांनी पहाटे उठून उघड्या डोळ्यांनी पाहिलेला हा धूमकेतू २००३ मध्ये २८ एककांवर असताना चिलीतल्या तीन प्रचंड दुर्बिणी एकत्र लावून तासन्‌तास छायाचित्र घेतले तेव्हा कुठे एका बारीक ठिपक्याएवढा सापडला.

गुरूच्या कक्षेपाशी टोक असलेल्या धूमकेतूंचा एक गट आहे. गुरूच्या ओढीनेच ते तिथे बांधले गेले आहेत. यावरून एकोणिसाव्या शतकात एक कल्पना निघाली. काही धूमकेतूंची टोके नेपच्यूनच्याही बरीच पलीकडे जमतात, तर तिथे एखादा अज्ञात ग्रह असेल काय? फ्रान्सच्या फ्लामारियोंनी १८७९ मध्ये सुमारे ४५ एककांवर असा ग्रह असावा असे सुचवले. स्कॉटलंडच्या जॉर्ज फोर्ब्ज यांनी पुढच्या वर्षी १०० आणि ३०० एककांचे आकडे दिले. दुसरी पद्धत लव्हेरिए यांची होती. युरेनसच्या चालीतल्या गडबडीवरून त्यांनी नेपच्यूनची जागा काढली आणि १८४६ मध्ये बर्लिनच्या दुर्बिणीने तो त्या जागेपासून एका अंशाच्या आत पकडला. हीच युक्ती पुन्हा चालेल या आशेने अमेरिकेत पिकरिंग आणि लॉवेल, फ्रान्समध्ये गायो असे अनेक जण युरेनसच्या उरलेल्या किरकोळ फरकांवर काम करीत होते.

केतकरांनी तिसरी वाट धरली. गुरूच्या आतल्या तीन मोठ्या चंद्रांच्या गतींत एक पक्के नाते आहे, हे लाप्लास यांनी दाखवले होते. पहिल्याची गती अधिक तिसऱ्याच्या गतीची दुप्पट ही दुसऱ्याच्या गतीच्या तिप्पट भरते. ग्रहांच्या भ्रमणांतही अशीच साधी नाती असणार, हे धरून केतकरांनी बाहेरच्या ग्रहांच्या गती तपासल्या आणि नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत असा निष्कर्ष काढला. त्यांची नावेही त्यांनी ठेवली, ब्रह्मा आणि विष्णू. ब्रह्माचे सूर्यापासूनचे अंतर सुमारे ३९ एकक आणि एका फेरीचा काळ सुमारे २४२ वर्षे, असा त्यांचा हिशेब होता. फ्लामारियोंनी स्थापन केलेल्या फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत मे १९११ मध्ये हा लेख छापला गेला. केतकर तेव्हा ५७ वर्षांचे होते.

लेखाने जगात खळबळ उडाली नाही. एवढा मंद ग्रह शोधायचा तर मोठी दुर्बीण, शेकडो छायाचित्रे आणि पैसा हवा होता. ग्रहाला सूर्याचा प्रकाश पोहोचून परत आपल्याकडे यावा लागतो, म्हणून अंतर दुप्पट झाले की त्याचे तेज सोळा पटींनी उतरते. केतकरांच्या हाती असे साधन असण्याचा प्रश्नच नव्हता. ते आपल्या ग्रंथांकडे वळले. १९२३ मध्ये भारतीय आणि परदेशी कालगणनांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या शाखेने प्रसिद्ध केला. शिलालेखातल्या तिथी-वारांवरून इंग्रजी तारीख काढणाऱ्या इतिहास संशोधकांना त्याचा मोठा उपयोग झाला. बदामी-ऐहोळेच्या परिसरात आयुष्य काढलेल्या माणसाने हे काम करावे, हे साजेसेच होते.

मग १९३० साल उजाडले. ॲरिझोनातल्या लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉम्बॉ या तेवीस-चोवीस वर्षांच्या शेतकऱ्याच्या मुलाला छायाचित्रांच्या काचा ताडून पाहताना १८ फेब्रुवारीला एक सरकणारा ठिपका दिसला. १३ मार्चला नव्या ग्रहाची घोषणा झाली आणि त्याचे नाव प्लूटो ठेवले गेले. उघड्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्यापेक्षाही तो सुमारे चार हजार पट मंद होता. कक्षा नीट ठरल्यावर आकडे आले ते असे: अंतर ३९.५ एकक, फेरीचा काळ २४८ वर्षे. केतकरांच्या ब्रह्माशी हे आकडे फार जवळचे होते. फ्लामारियों, फोर्ब्ज, पिकरिंग यांच्यापैकी कोणाचे अंतर एवढे जुळले नव्हते. प्लूटोची घोषणा झाल्यानंतर पाच महिन्यांच्या आत, ३ ऑगस्ट १९३० रोजी, विजापूर येथे केतकरांचे निधन झाले. वय ७६.

प्लूटो केतकरांनीच शोधला, असे विधान आपल्या लोकांच्या बोलण्यात कधी कधी येते. अभिमान समजण्यासारखा आहे, पण केतकर स्वतः गणिती होते, म्हणून त्यांच्या बाबतीत हिशेब चोख मांडायला हवा. टॉम्बॉ यांचा शोध लॉवेल यांनी सुरू केलेल्या मोहिमेतून लागला. केतकरांचा लेख तिचा आधार नव्हता. दुसरे, प्लूटो फारच हलका निघाला. त्याचा चंद्र १९७८ मध्ये सापडल्यावर प्लूटोचे वजन पृथ्वीच्या साडेचारशेव्या भागाच्या आसपास आहे असे कळले. एवढ्या हलक्या गोलाने युरेनसला हलवणे शक्य नव्हते. व्हॉयेजर यानाने १९८९ मध्ये नेपच्यूनला भेट दिली, त्यावरून नेपच्यूनचे वजन दुरुस्त केले गेले आणि युरेनसच्या चालीतले ते किरकोळ फरक नाहीसेच झाले. म्हणजे लॉवेल, पिकरिंग वगैरेंच्या गणिताचा पायाच पोकळ होता, आणि लॉवेलच्या भाकितानुसार शोधताना प्लूटो सापडला हा योगायोग ठरला. केतकरांच्या दुसऱ्या ग्रहाचा, विष्णूचा, तर आजवर पत्ता नाही. २००६ मध्ये प्लूटोलाही ग्रहांच्या पंक्तीतून उठवून बटुग्रह म्हटले गेले.

एवढी वजाबाकी करूनही शिल्लक उरते ती मोलाची आहे. केतकरांनी युरेनसच्या फरकांवर भिस्त ठेवली नव्हती. ग्रहांच्या गतींत साधी नाती असतात, या विचारावर त्यांनी बांधणी केली होती. १९६५ मध्ये संगणकावर प्लूटोची चाल लाखभर वर्षे पुढे-मागे चालवून पाहिली तेव्हा दिसले, की नेपच्यूनच्या तीन फेऱ्यांत प्लूटोच्या बरोबर दोन फेऱ्या होतात आणि हे नाते तुटत नाही. प्लूटोची कक्षा नेपच्यूनच्या कक्षेच्या आत शिरते, तरी दोघे कधी जवळ येत नाहीत, ते याच नात्यामुळे. केतकरांनी नेमके हेच समीकरण मांडले होते असा दावा करण्याचे कारण नाही. त्यांनी ज्या दिशेला पाहिले त्या दिशेला खरोखर काहीतरी होते, एवढे मात्र म्हणता येते.

आणखी एक गोष्ट. प्लूटोची कक्षा ग्रहापेक्षा धूमकेतूच्या वळणाची आहे. तो २९.७ एककांपर्यंत आत येतो, ४९ एककांपर्यंत बाहेर जातो, आणि त्याची वाट ग्रहांच्या सपाटीशी १७ अंशांनी कलती आहे. १९९२ पासून त्या भागात बर्फाळ गोलांचा मोठा पट्टा सापडत गेला. आपल्याकडे थोड्या वर्षांच्या अंतराने परत येणारे कित्येक धूमकेतू त्याच दूरच्या प्रदेशातून आलेले असतात. फ्लामारियोंनी धूमकेतूंवरून आणि केतकरांनी गतींच्या नात्यांवरून ज्या अंधाराकडे बोट दाखवले, तो रिकामा नव्हता.

केतकरांची स्मृती आपल्या भागात जागती राहावी, यासाठी फार खर्चाची गरज नाही. धारवाडच्या विज्ञान केंद्रात मुलांना नेताना प्लूटोची गोष्ट निघेल तेव्हा नरगुंदचे नाव सांगावे. मंडळाच्या उत्सवात एक व्याख्यान पंचांगाच्या गणितावर ठेवावे, आणि ते मराठीबरोबर कन्नडमध्येही व्हावे. केतकर या मातीतले होते, त्यांच्यावर दोन्ही भाषांचा हक्क आहे.

हॅलेचा धूमकेतू १९८६ मध्ये आला तेव्हा तो इतका मंद होता की आपल्यापैकी अनेकांना गच्चीवर जाऊनही तो नीट दिसला नाही. त्यानंतर तो दूर जात राहिला, डिसेंबर २०२३ मध्ये ३५ एककांच्या टोकाला पोहोचला आणि आता परत फिरला आहे. जुलै २०६१ मध्ये तो सूर्याजवळ येईल, आणि या खेपेला १९८६ पेक्षा बराच तेजस्वी दिसण्याची अपेक्षा आहे. यंदा मंडपात आरतीला टाळ वाजवणारी पाच-सहा वर्षांची मुले तेव्हा चाळिशी ओलांडलेली असतील. त्यांना तो कधी आणि कुठल्या दिशेला दिसेल, हे गणित आजच करून ठेवलेले आहे.